सरपंचाच्या कॉलरचा माईक

सव्वीस जानेवारीला आमच्या गावात झेंडा न अडकता वर गेला, फुलं वेळेवर पडली आणि राष्ट्रगीत एका सुरात नसलं तरी एकाच वेळी संपलं. इतकं सगळं सुरळीत झाल्यावर आता कुठेतरी घोटाळा होणार, हे मला कळायला हवं होतं. तो मीच केला.

हायस्कुलात भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, आवाज तेवढा शिल्लक राहिला, म्हणून गावाचा निवेदक झालो. बारसं, दशक्रिया, सत्कार, कुस्त्या, काहीही असो, माईक माझ्याच हाती. यंदा हौसेनं नगरहून कॉलरला लावायचा बिनतारी माईक आणला होता. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो, त्यामुळे मी चुकत नाही. तर तो माईक मी सरपंचांच्या कॉलरला लावला, त्यांनी भाषण केलं, मी टाळ्या वाजवल्या आणि जिलबी वाटायला गेलो. माईक काढायचा राहिला.

सरपंचांचं घर ग्रामपंचायतीच्या अगदी पाठीला. मशीन चालू, कर्णे देवळाच्या शिखराला बांधलेले. गाव जिलबी खात उभं होतं आणि कर्ण्यातून सरपंचांच्या आईचा, भीमाबाईंचा, आवाज आला.

“लावला झेंडा? झालं समाधान? आता जा की माघारी लंडनला. लोकाची गटारं उपसाया शिकीवला व्हता व्हय तुला?”

जिलबीकडे गेलेले हात जागच्या जागी थांबले. मग सरपंच बोलले. भाषणातला आवाज नव्हता तो. दमून घरी आलेल्या पोराचा होता.

“जातो गं आये. पोरांचं वसतिगृह येकदा हुभं राहू दे, मग जातो. मला तरी कुठं हौस हाय हितं राह्याची?”

मी मशीनकडे धावलो. वाटेत परातीत पाय पडला आणि उरलेल्या जिलबीचा निकाल लागला. वायर उपटेपर्यंत भीमाबाई ‘भाकर खा आधी’पर्यंत पोचल्या होत्या. बाकी सगळं गावानं ऐकलं होतं. उपसरपंच काकासाहेबांनी ऐकलं होतं. आणि कुणीतरी मोबाईलवर झेंडावंदनाचं चित्रीकरण करत होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पार कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात बसलेल्या आमच्या लोकांनीही ऐकलं.

आता हे सरपंच कोण, ते सांगायला हवं. गावाचं नाव मात्र सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचंय. पाथर्डी तालुक्यातलं एक कोरडं गाव, एवढं पुरे. दसरा झाला की आमचं गाव ओसरायला लागतं. टेम्पो येतात, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं भरतात आणि ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. नवराबायको मिळून जी जोडी तोडायला बसते, तिला एक कोयता म्हणतात. पोरं मोजत नाहीत, ती कोयत्याबरोबर फुकट येतात.

छगन आणि भीमाबाई असाच एक कोयता. त्यांचा कल्याण फडाकडेच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, जन्मला. माझ्या वर्गात दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे व्हायचे आणि त्यात कल्याण आणि गोरक्षनाथ यांचा एक अख्खा बाक असे. दोघं शेजारी राहणारे, एकाच टेम्पोत वाढलेले. पाडव्यानंतर परत आले की मी नद्या विचारायचो. इतर मुलं पाठ म्हणायची. ही दोघं कोणत्या नदीत म्हशी बसतात आणि कोणत्या नदीचं पाणी गार असतं, ते सांगायची. परीक्षेत त्याला गुण नव्हते.

आठवीच्या वर्षी आम्ही कल्याणला घरी ठेवून घेतलं. माझी बायको मालन म्हणाली, एक भाकरी जास्त थापायची, त्यात काय मोठं. गोरक्षनाथ टेम्पोत बसून गेला. त्या वर्षी कल्याण पहिल्यांदा वार्षिक परीक्षेला सगळी पुस्तकं वाचून बसला आणि मग त्याची गाडी काही थांबली नाही. पुणे झालं, मुंबई झाली, शिष्यवृत्तीवर लंडन झालं, आणि एके दिवशी गावात बातमी आली की छगनचा कल्या तिकडच्या मोठ्या बँकेत इन्व्हेस्टमेंट बँकर झाला.

आमच्या गावात बँक म्हणजे पासबुक भरून देणारी खिडकी. त्यामुळे तो खिडकीच्या आत बसतो की बाहेर, यावर पारावर वाद झाला. सुट्टीवर आला तेव्हा काकासाहेबांनी थेटच विचारलं.

“म्हंजी नेमकं करता काय तुमी?”

“एका कंपनीला स्वतःला विकायचं असतं, दुसरीला घ्यायचं असतं. मी मधे.”

“म्हंजी दलाल.”

“व्हय, दलालच,” कल्याण म्हणाला. “घोडेगावच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात ना, तेच. आमचा रुमाल जरा भारी असतो.”

काकासाहेब खूश झाले. लंडनचा माणूस स्वतःला दलाल म्हणवतो, हे त्यांनी तालुकाभर सांगितलं. पुढे निवडणुकीतही सांगितलं, पण तेव्हा सूर वेगळा होता.

लंडनच्या गोष्टी कल्याण मला सांगायचा. तिथं त्याच्या साहेबानं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव कापून ‘कॅल’ केलं. “नाव अर्धं झालं सर, पण पगार पुरा आला, मग काय बोलणार?” तू कुठला, असं कुणी विचारलं की हा ‘पाथर्डी’ म्हणायचा आणि समोरचा अदबीनं मान हलवायचा, जणू काही गेल्याच उन्हाळ्यात तिथं जाऊन आलाय. बारा महिने ओलं आभाळ बघून त्याला सुरुवातीला वाटायचं, एवढं पाणी आणि हे लोक एक ज्वारीही पेरत नाहीत. हळूहळू सवय झाली. घर घेतलं. तिकडचं नागरिकत्व मिळायची वेळ आली, शपथ घ्यायचा दिवससुद्धा ठरला.

त्याच सुमाराला त्याच्या हाती एक व्यवहार होता. कुठल्यातरी देशातले साखर कारखाने कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या कंपनीला विकायचे होते. गिऱ्हाइकाला पडद्यावर दाखवायची चित्रं कल्याणनंच तयार केली. त्यातल्या एका चित्रात उसाचा फड होता, कडेला एक लहान मुलगी त्याहून लहान पोराला कमरेवर घेऊन उभी होती, आणि खाली कल्याणनंच लिहिलं होतं: मजूर भरपूर आणि स्वस्त. सभेत सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी पुढचं चित्र म्हणालं. कल्याणला पुढचं चित्र लावता येईना.

शपथेला तो गेला नाही. वर्षभरात गावी आला.

गावानं त्याला खांद्यावर घेतलं. नाराज झाल्या त्या एकट्या भीमाबाई. त्यांचंही बरोबर होतं. मुलगा लंडनला होता तोवर त्या ‘लंडनवाल्याची आई’ होत्या. लग्नात त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची असायची, पिठाच्या गिरणीची फीतसुद्धा त्यांच्या हातून कापून घेतली होती. मुलगा परत आला आणि खुर्ची मागे सरकली. तो सरपंच झाल्यावर तर बायका टँकर का आला नाही म्हणून पहाटे पहाटे त्यांच्याच दारात भांडायला येऊ लागल्या. मुलाच्या मोठेपणामुळे जन्मात पहिल्यांदा बसायला मिळालेली खुर्ची, आणि ती मुलानंच ओढून घेतली.

निवडणूक त्यानं जिंकली ती गोरक्षनाथाच्या जोरावर. गोरक्षनाथ आता मुकादम झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच्या शब्दावर जायच्या नि यायच्या. मतदान हंगामाच्या ऐन मध्यात होतं. गोरक्षनाथानं फडातून टेम्पो भरभरून माणसं आणली, मतं टाकली आणि त्याच टेम्पोनं परत नेली. गुलाल उधळताना दोघं दोस्त गळ्यात गळे घालून नाचले. कल्याणला नाचता येत नाही हे गावाला तेव्हा कळलं.

सरपंच झाल्यावर त्याला एकच गोष्ट करायची होती. तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी वसतिगृह. “तुमच्या घरात मला जागा मिळाली म्हणून मी शिकलो, सर. दर पोराला कुठून आणायचं एकेक सरांचं घर?” तात्पुरतं समाजमंदिरात सुरू केलं. सुनील नावाचा तरुण मास्तर आणि स्वयंपाकाला एक बाई. तोडीला जाणाऱ्या चांगुणाची मुलगी ज्ञानेश्वरी, जी चौथीपासून फडात धाकट्याला सांभाळायला जात होती, ती सातवीचं वर्ष पहिल्यांदा गावात काढत होती. पक्की इमारत रस्त्याकडेच्या गायरानावर व्हायची होती. नेमकी तीच जागा काकासाहेबांनी दुकानांच्या गाळ्यांसाठी मनात धरलेली.

आणि तिकडे गोरक्षनाथाच्या टोळ्यांत कुरबूर सुरू झाली होती. पोरगी गावात राहिली की धाकट्याला कोण बघणार, म्हणून आईही गावात राहते म्हणायची, म्हणजे अर्धा कोयता मोडला. हे गोरक्षनाथ कल्याणशी कधी बोलला नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. समोरच्याला वाईट वाटतं. तोंडावर सगळे ‘व्हय, करू की’ म्हणतात आणि मग करायचं ते करतात. आम्हाला ते ऐकून कळतं. कल्याण इतकी वर्षं अशा धंद्यात राहिला होता, जिथं फोनवर हो म्हटलं की अख्खी कंपनी इकडची तिकडे होते. त्याला हो म्हणजे हो वाटायचं.

अशा वेळी माझा माईक चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब पारावर म्हणाले, “सरपंच सवताच्या तोंडानं जातो म्हनले. आमी काय, निसती वाट मोकळी करून देतोय.” त्या आठवड्यात सदस्य गावातून नाहीसे झाले. अविश्वास ठराव येणार असला की सदस्यांना देवदर्शनाला नेतात, ही आमच्या राजकारणातली पक्की रीत. पहिला मुक्काम शनिशिंगणापूर. ज्या गावात घरांना दारं नसतात तिथंच ह्यांना आमचे सदस्य लपवून ठेवायला सुचलं. काकासाहेबांनी तेल वाहतानाचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. त्यात कल्याणच्या बाजूचे म्हणून ज्यांची नावं आम्ही घेत होतो तेही, ओल्या धोतरात, हात जोडून उभे. पुढे कोकणातले फोटो आले. समुद्रात सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले होते. गावात इतकी एकी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

ठराव झाला. पण कल्याण थेट लोकांतून निवडून आलेला, त्यामुळे नुसत्या सदस्यांना त्याला काढता येत नव्हतं. गावाच्या सभेत गुप्त मतदान होऊन मगच. आणि तारीख पडली ती फेब्रुवारीत, जेव्हा त्याचे सगळे मतदार फडात होते.

“काकासाहेबांनी हिशेबानं केलंय,” मी म्हणालो.

“असू दे. गोरख आहे ना,” कल्याण म्हणाला आणि माझ्यासमोर फोन लावला.

“आरं, तू कायबी काळजी करू नगं,” गोरक्षनाथाचा आवाज आला. मागे ट्रॅक्टर घरघरत होता. “टेम्पो भरून आनतो समद्यास्नी. माझा शबूद हाय.”

कल्याणनं फोन खिशात ठेवला आणि त्या दिवशी जेवला. मला मात्र घास उतरला नाही. गोरक्षनाथ सहसा एवढं मोठं वाक्य बोलत नाही.

मतदानाच्या दिवशी आम्ही फाट्यावर उभे होतो. कल्याण वरवर शांत होता, पण दर ट्रकला टाचा उंचावत होता. त्याला वाटत होतं टेम्पो आले नाहीत तर काय. मला वाटत होतं तेच. आणि टेम्पो आले. एकामागून एक, धुरळा उडवत, माणसं टपापर्यंत. कल्याणनं माझा दंड इतका दाबला की रात्री मालनला तेल चोळावं लागलं. तो पहिल्या टेम्पोपाशी धावला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, पोरांचे गाल ओढले.

“चांगुणाताई, तुमची ज्ञानेश्वरी इंग्रजीत पहिली आली.”

“व्हय का,” चांगुणा म्हणाली आणि पदर पुढे ओढून टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिली.

तेव्हाच मला कळलं. कल्याणला कळलं नाही. तो सगळ्यांना पाण्याचा माठ कुठे आहे ते दाखवत होता.

रांग लागली. भीमाबाईही नवं लुगडं नेसून आल्या, शिक्का मारून कुणाशी न बोलता घरी गेल्या. दुपार कलताना मोजणी झाली. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांचा घसा बसला होता, म्हणून त्यांनी निकालाचा कागद माझ्या हातात दिला. माझ्याच कॉलरला माईक लावून मी गावाला सांगितलं की ठराव मंजूर झालाय. फरक एवढा मोठा होता की परत मोजा म्हणायचीही सोय नव्हती. फडातून आलेली माणसं नसती तर कदाचित कल्याण वाचला असता. मग मी मशीन बंद केलं, नीट, दोनदा बघून, आणि वायर गुंडाळून पेटीत ठेवली.

फाट्यावर टेम्पो परत निघायच्या बेतात होते. गोरक्षनाथ टपाची दोरी आवळत होता. मी म्हटलं, “गोरख, तू शब्द दिला होतास.”

“आनतो म्हनलो हुतो, आनलं की, सर.” त्यानं गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्यो जानार हाय. लंडनला घर हाय त्याचं. आमी जायाचं कुटं? उद्या काकासाहेबाच्या दारात आमीच हुभं राहनार.”

“पण पोरांचं वसतिगृह?”

“सर, तुमच्या घरात येकाचीच जागा हुती. त्यो राह्यला, म्या टेम्पोत बसलो. म्या काय मेलो न्हाई.”

टेम्पो सुरू झाले. समाजमंदिरातली बरीचशी पोरं टेम्पोत चढली होती, वसतिगृह बंदच होणार तर ठेवायची कशाला म्हणून. ज्ञानेश्वरी मागच्या फळीला टेकून बसली होती. पाठीवर दप्तर, मांडीवर धाकटा. तिनं मला नमस्कार केला. शिक्षकाला नमस्कार करायचा असतो हे तिला याच वर्षी शिकवलं होतं.

संध्याकाळी काकासाहेबांनी समाजमंदिराला कुलूप लावलं आणि साहित्य सुरक्षित राहावं म्हणून लावलंय, असं हसत सांगितलं. ज्यांचे आईबाप मतदानाला आले नव्हते अशी चारदोन पोरं बाहेर पायरीवर बसून होती. सुनील मास्तर त्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन कल्याणच्या घराकडे निघाला. मीही मागोमाग गेलो. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाण्याचं धैर्य नव्हतं.

आत पुरणाचा वास सुटला होता.

भीमाबाई चुलीपुढे बसून पोळ्या लाटत होत्या. सण नव्हता, सुदी नव्हती. कल्याण भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या पुढ्यात ताट होतं. त्यानं आईकडे पाहिलं, पोळीकडे पाहिलं. लंडनच्या बँकेत माणसं तोलून पाहायला शिकलेला पोरगा तो. त्याला विचारावं लागलं नाही, पण भीमाबाईंना सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

“व्हय, म्याबी तुला काढायाचा शिक्का मारला. दुसऱ्याच्या हातनं हरशील त्यापरीस म्हनलं आपलाबी हात लागू दे. आता हितं काय ठिवलंय तुझं? जा माघारी.”

 कल्याणनं पोळीचा तुकडा मोडला आणि तुपात बुडवून ठेवला, खाल्ला नाही. एवढ्यात सुनील मास्तर पोरं घेऊन दारात उभा राहिला. भीमाबाईंनी वर पाहिलं.

“ही कुनाची?”

“वसतिगृहातली, आजी. कुलूप लागलं.”

“मंग हुभी काय ऱ्हायलीत? पाय धुवा. पुरन गार व्हतंय.” आणि पीठ मळता मळता पुटपुटल्या, “समद्या गावाची पोरं माझ्याच चुलीपाशी. मत दिऊन बी सुटका न्हाई.”

पोरं जेवायला बसली. त्यांतलं एक, चौथीतलं, दुसरी पोळी मागावी की नाही म्हणून कल्याणकडे बघत होतं. कल्याणनं आपल्या ताटातली त्याच्या ताटात सरकवली आणि उठून ओट्यावर येऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. समोर ग्रामपंचायतीची मागची भिंत, तिच्यावर त्यानंच रंगवून घेतलेलं ‘एकही मूल शाळेबाहेर नको’. बराच वेळ आम्ही ते वाचत बसलो, जणू काही पहिल्यांदाच दिसतंय.

मला त्याची माफी मागायची होती. पण मी निवेदक माणूस, बोलायचं असेल ते सोडून भलतंच बोलतो. मी म्हणालो, “कल्याण, आता हारतुरे नाहीत, मतं नाहीत. मला एकट्याला खरं सांग. तू जाणार की राहणार?”

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली.

“सर, आधी तुमच्या कॉलरचा माईक काढा.”